उन्हाच्या तिरिपीचा फोटो

कौलारू घरात ज्याचे बालपण गेले, त्याला तिरीप म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. एखादे कौल जरा सरकलेले असते. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला त्या फटीतून ऊन आत येते. खाली सारवलेल्या जमिनीवर रुपयाएवढा कवडसा पडतो. आणि कौलापासून कवडशापर्यंत उन्हाची एक तिरपी काठी हवेत उभी राहते. तिच्यात बारीक बारीक कण नाचत असतात. लहानपणी आपण सगळ्यांनीच ती काठी मुठीत धरून पाहिली आहे. मूठ उघडावी तर हातावर नुसते ऊन!

हीच तिरीप रानात गेली की मोठी होते. थंडीच्या दिवसांत सकाळी नदीकाठच्या आमराईत जाऊन पाहा. धुके पडलेले असते. फांद्यांच्या मधून ऊन खाली उतरते आणि एका तिरिपीच्या वीस-पंचवीस तिरिपी होतात. श्रावण-भाद्रपदात संध्याकाळी ढग फाटतो आणि आभाळातून डोंगरावर उन्हाचे पट्टेच्या पट्टे येतात. चालता माणूस थांबतो. म्हणतो, "याचा फोटो काढलाच पाहिजे."

पूर्वी असे म्हणून पुढे चालावे लागे. आता फोन खिशात असतो. माणूस चटकन फोटो काढतो. घरी येऊन मंडळींना दाखवायला जातो, तर काय? मधोमध पांढराफटक डाग, दोन्ही बाजूंना काळी झाडे. तिरीप कुठेच नाही.

यात हसण्यासारखे काही नाही. माझे असे पुष्कळदा झाले आहे. मी छत्तीस वर्षे शाळामास्तर होतो आणि फोटोचा नाद मला तितकीच वर्षे आहे. १९८४ साली मी एक जुना आगफा क्लिक थ्री कॅमेरा विकत घेतला. त्याच्या एका रोलवर बारा फोटो निघत. आमचे गाव कृष्णाकाठी, वाईच्या खालच्या अंगाला. एका रविवारी सकाळी मी नदीवर गेलो आणि सगळा रोल धुक्यातल्या तिरिपींवर खर्च केला. त्या वेळी पगारातून रोलाचे पैसे काढणे म्हणजे घरात जाब देणे होते. तालुक्याच्या गावी रोल धुऊन मिळाला तेव्हा स्टुडिओवाला म्हणाला, "गुरुजी, बाराच्या बारा गेले. कॅमेऱ्यात कुठून तरी उजेड शिरतोय."

उजेड शिरत नव्हता. मीच तो शिरवला होता. बाराही फोटोंत मी सूर्य समोर उघडा घेतला होता.

पुढे हळूहळू जमले. पण जमले ते कॅमेरा बदलून नव्हे. तिरीप म्हणजे काय हे आधी कळावे लागले. म्हणून तुम्हालाही मी आधी तेच सांगतो.

माझ्या एका शाळेत वर्गाच्या पत्र्याला खिळ्याचे भोक होते. दुपारी त्यातून ऊन येई आणि फरशीवर कवडसा पडे. मी मुलांना विचारी, "भोकापासून फरशीपर्यंत ऊन आहे का नाही?"

"आहे, गुरुजी."

"दिसतंय का?"

"न्हाई, गुरुजी. खालीच दिसतंय."

मग मी एका मुलाला दोन डस्टर एकमेकांवर आपटायला सांगे. खडूची पूड उडाली की पत्र्यापासून फरशीपर्यंत पांढरी काठी उभी राही. सगळा वर्ग आ करून बघे. पूड खाली बसली की काठी पुसली जाई.

ऊन आधीही होते, नंतरही होते. मग ते मधेच का दिसले? आपल्या डोळ्यांत जो उजेड शिरतो तेवढाच आपल्याला दिसतो. भोकातून आलेले ऊन सरळ फरशीकडे जाते. ते बाजूला बसलेल्या मुलाच्या डोळ्यांकडे वळत नाही. वाटेत खडूचे कण आले की त्यांवर आपटून थोडे ऊन चहूकडे फेकले जाते. त्यातले काही मुलाच्या डोळ्यांत जाते. वारा कधी कोणी पाहिला आहे का? पाचोळा उडाला म्हणजे आपण म्हणतो, वारा आला. उन्हाचेही तसेच. आपल्याला दिसते ती उन्हात उजळलेली धूळ. नाहीतर धुके. नाहीतर धूर.

ही गोष्ट नीट तपासून दाखवणारा शास्त्रज्ञ म्हणजे जॉन टिंडल. हा मूळचा आयर्लंडचा. तोही आधी शाळेत शिकवत असे, म्हणून मला तो जवळचा वाटतो. लंडनमध्ये त्याने अंधाऱ्या खोलीत प्रखर दिव्याचा झोत सोडला. झोतातली धूळ चकाकत होती. त्याने झोताखाली एक पेटता दिवा धरला. तेव्हा ज्योतीच्या वर झोतामध्ये काळे काळे लोट दिसू लागले. कोणालाही वाटावे, हा धूरच. पण ती धुराची काजळी नव्हती. ज्योतीच्या आचेने तिथली धूळ नाहीशी झाली होती, आणि स्वच्छ हवेत झोत दिसतच नव्हता. तो काळेपणा म्हणजे निव्वळ स्वच्छ हवा! १८७० साली त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये यावर व्याख्यान दिले. विषय होता धूळ आणि रोगराई.

पुढे त्याने एक पेटी केली. तिला समोर काच होती, उजेड आरपार जायला बाजूंना खिडक्या होत्या, आणि आतून ग्लिसरीनचा चिकट लेप होता. पेटी काही दिवस हलवायची नाही. धूळ खाली बसते, लेपाला चिकटते. मग झोत सोडून पाहायचे. झोत दिसेनासा झाला की पेटीतली हवा स्वच्छ. अशा पेटीत त्याने मांसाचे आणि भाज्यांचे उकळलेले पाणी ठेवले. ते नासले नाही. तेच बाहेरच्या हवेत ठेवले ते नासले. नासवणारे जंतू धुळीबरोबर येतात, हे लोकांना त्यावरून पटू लागले. म्हणजे पाहा, तिरीप दिसते की नाही ही हवेची परीक्षा आहे. हे लक्षात ठेवा. याला धरून मला शेवटी एक घरची गोष्ट सांगायची आहे.

याची दुसरी बाजूही आहे. जी धूळ तिरीप दाखवते, तीच ऊन खाते. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव तुम्ही ऐकला असेल. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात ९, १० आणि ११ तारखेला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला, मावळतीचे किरण महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. पण काही वर्षी किरण मूर्तीपर्यंत पोचत नाहीत, पोचले तरी फिके असतात. वाटेत इमारती येतात, क्षितिजावर ढग येतात, आणि हवेतली धूळ व बाष्पही उजेड कमी करते. मावळता सूर्य खाली असतो. त्याच्या किरणांना जमिनीलगतच्या गढूळ हवेतून फार लांब यावे लागते. प्रत्येक कण वाटेत थोडे थोडे ऊन बाजूला टाकतो. पोचायचे ते कमी पोचते.

म्हणून तिरिपीसाठी हवा अगदी स्वच्छ असून चालत नाही, आणि फार गढूळही चालत नाही. धुक्याचे असेच आहे.

धुके म्हणजे जमिनीवर बसलेला ढग. अतिशय बारीक पाण्याचे थेंब. रात्री आभाळ निरभ्र, वारा पडलेला, थंडी कडक आणि रान ओले असले की सकाळी बहुधा धुके मिळते. मार्गशीर्ष-पौषात नदीकाठाला, ओढ्याच्या खोलगट भागात, पाणी दिलेल्या उसाच्या कडेला पाहावे. पहिल्यांदा धुके दाट असते. सूर्य नुसता पांढऱ्या ताटलीसारखा दिसतो. त्या वेळी फोटो काढू नये, चहा प्यावा. सूर्य कासराभर वर येतो, धुके विरळ होऊ लागते, झाडांची खोडे एक एक दिसू लागतात. आता तिरिपी पडतात. हा खेळ कधी अर्धा तास चालतो, कधी पाचच मिनिटे. मग ऊन तापते, थेंब आटून जातात, आणि आमराई रोजच्यासारखी होते. उशिरा उठणाऱ्याला हा फोटो मिळत नाही.

उभे कुठे राहायचे, हे सर्वांत महत्त्वाचे. सूर्याकडे तोंड करून उभे राहा, पण सूर्य दिसता कामा नये. मधे एखादे जाड खोड घ्या. वड, चिंच, आंबा, काहीही चालेल. खोडाच्या आड सूर्य बरोबर झाकला गेला की त्याच्या दोन्ही बाजूंनी तिरिपी पसरलेल्या दिसतात. तुम्ही खोडाच्या सावलीत उभे असता. माझे बारा फोटो गेले ते एवढ्यासाठीच. तेव्हा मी दोन पावले बाजूला सरकलो असतो तर रोल वाचला असता.

सूर्याकडेच तोंड का? एक गंमत करून पाहा. त्याच झाडाला वळसा घालून पलीकडे जा आणि सूर्याकडे पाठ करा. तिरिपी जवळजवळ नाहीशा होतात. धुक्याचा थेंब ऊन चहूकडे फेकतो खरे, पण सारखे फेकत नाही. बहुतेक ऊन तो पुढेच ढकलतो. मागे फारच थोडे येते. धुळीच्या रस्त्यावर रात्री समोरून एस.टी. आली तर तिच्या दिव्यापुढची धूळ कशी पेटल्यासारखी दिसते! तीच गाडी आपल्याला ओलांडून पुढे गेली की मागून तिच्या झोतातली धूळ तितकी उजळ दिसत नाही. तसेच हे.

आणखी एक. तिरिपीच्या मागे काळोख पाहिजे. पांढऱ्या भिंतीवर खडूने लिहिले तर काय दिसणार? तिरिपीमागे मोकळे आभाळ असेल तर ती त्यात मिसळून जाते. दाट झाडी, सावलीतला डोंगर, पडका वाडा असे काही मागे घ्यावे. त्यासाठी कधी खाली बसावे लागते, कधी बांधावर चढावे लागते. एका पावलाने फोटो बदलतो.

आता फोनचे. आधी भिंग पुसा. सुती धोतराचा किंवा लुगड्याचा मऊ पदर पुरे. बोटाचे तेल भिंगावर असले की सूर्यासमोर सगळा फोटो दुधाळ होतो. निम्म्या लोकांचे फोटो तिथेच बिघडतात. मग पडद्यावर जिथे तिरीप उजळ आहे तिथे बोट टेकवा. पुष्कळ फोनांत तिथे एक चौकोन येतो आणि बाजूला सूर्याचे छोटे चिन्ह येते. ते चिन्ह बोटाने खाली ओढा. सगळे चित्र काळवंडत जाईल. भिऊ नका. झाडे काळी झाली तर होऊ द्या. तिरिपी उठून दिसू लागल्या की थांबा आणि फोटो घ्या.

असे का करावे लागते? आपला डोळा हुशार आहे. तो उजेडात गेला की आवळतो, सावलीत गेला की सैल होतो, आणि आपल्याला दोन्ही दिसल्यासारखे वाटते. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम झेपत नाही. आमराईत पुष्कळ काळोख असतो. कॅमेरा म्हणतो, इथे अंधार फार, उजेड वाढवतो. तो वाढवतो आणि तिरिपी पांढऱ्या होऊन फुटून जातात. म्हणून त्याला सांगावे लागते की बाबा, उजेड कमी घे. ज्यांच्याकडे मोठा कॅमेरा आहे त्यांनी उजेड एक-दोन पायऱ्यांनी खाली आणावा. एका पायरीला उजेड निम्मा होतो. काही फोन एका दमात तीन-चार फोटो घेऊन त्यांचा एक करतात, त्यामुळे सावल्या उजळ होतात. एरवी ही सोय चांगली, पण तिरिपीला ती मारक ठरू शकते. बंद करता येत असेल तर बंद करून एक फोटो घ्यावा, आणि दोन्ही ताडून पाहावेत. फ्लॅश तर लावूच नये. तो दहा-पंधरा फुटांपलीकडे पोचत नाही, आणि जवळचे धुके मात्र पांढरे करून टाकतो.

धुके नसले तरी हात बांधून बसायला नको. संध्याकाळी गुरे घरी येतात तेव्हा धूळ उडते. आमच्या भागात दिवाळीच्या मागेपुढे धनगरांचे कळप रस्त्याने जातात. पाचशे मेंढरांनी उडवलेली धूळ, बाभळीतून येणारे मावळतीचे ऊन आणि पुढे खांद्यावर घोंगडे टाकलेला धनगर. असा फोटो रोज मिळत नाही. पण काढण्यापूर्वी विचारावे. तो काही देखावा नव्हे, वाटेला लागलेला माणूस आहे. गुऱ्हाळातही तिरिपी फार सुरेख मिळतात. काहिलीतला रस उकळत असतो, वाफेचे लोट छपराला जातात, आणि पत्र्याच्या फटींतून ऊन त्या वाफेत उतरते. तिथे मात्र पाय जपून टाकावा. फोटोच्या नादात काहिलीजवळ मागे मागे सरकणारा माणूस मी पाहिला आहे. गुळव्याने त्याला वेळेवर ओढले.

हवेत काहीच नसेल तर कवडशांचा फोटो काढावा. चिंचेखाली भर दुपारी जमिनीवर हजारो कवडसे पडतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी कवडसे गोल किंवा लांबट गोलच असतात. कारण प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्याचे चित्र. बारीक फट हाच कॅमेरा! सूर्य जितका रुंद आहे, त्याच्या सुमारे १०७ पट तो आपल्यापासून दूर आहे. म्हणून दहा फुटांवरच्या बारीक भोकातून सरळ पडलेला कवडसा एका इंचाहून किंचित मोठा असतो. पट्टी घेऊन मोजून पाहा. २६ डिसेंबर २०१९ रोजी सकाळी सूर्यग्रहण लागले. आपल्याकडे ते खंडग्रास होते. त्या दिवशी ढगांतून मधे मधे ऊन आले, तेव्हा शाळेच्या आवारातल्या चिंचेखालचे सगळे कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. पोरे त्यांवर पाय ठेवायला तयार होईनात.

ढगांतल्या तिरिपींचे थोडे निराळे आहे. त्या पाहिल्या की वाटते, सूर्य ढगाच्या लगेच मागे आहे आणि तिथून पंख्याच्या काड्यांसारखे किरण सुटले आहेत. हा भास आहे. सूर्य सुमारे १५ कोटी किलोमीटर लांब आहे. इतक्या लांबून आलेले किरण इथे पोचेपर्यंत एकमेकांना जवळजवळ समांतर असतात. मग पसरलेले का दिसतात? उसाच्या शेताच्या टोकाला उभे राहून सऱ्यांकडे बघा. पायाशी त्या तीन-चार फूट अंतरावर असतात, पलीकडच्या बांधाला सगळ्या एका ठिकाणी मिळाल्यासारख्या दिसतात. रेल्वेच्या रुळांचेही तसेच. किरण लांबून आपल्याकडे येतात म्हणून जवळ आले की रुंद दिसतात. खात्री करायची असेल तर संध्याकाळी पश्चिमेला असे पट्टे दिसले की मागे वळून पूर्वेकडे पाहा. नशीब असेल तर तेच पट्टे डोक्यावरून जाऊन पूर्वेला पुन्हा एका ठिकाणी मिळताना दिसतात. हे फार फिके असतात. मी आयुष्यात चार-पाच वेळाच पाहिले. पट्ट्यांच्या मधला काळेपणा म्हणजे ढगांच्या सावल्या, दुसरे काही नाही.

ढगांचा फोटो काढताना सूर्य ढगाआड पुरता गेला पाहिजे. ढगाची कड चकाकते त्या ठिकाणी बोट टेकवावे आणि चित्र काळे करावे. खाली डोंगराची रांग, देवळाचा कळस किंवा एखादे शेत थोडेसे घ्यावे. नुसत्या आभाळाला मोठेपणा कळत नाही. जोराचा पाऊस नुकताच झाला असेल तर हवा धुतलेली असते. ढगाला फटी असूनही तिरिपी फिक्या पडतात. वळिवाच्या आधीची धुळीची संध्याकाळ त्या मानाने बरी. मात्र वीज चमकत असेल तर फोटो राहू द्या, आणि झाडाखाली तर मुळीच थांबू नका.

डोळ्यांविषयी एकदा बजावून सांगतो. उघड्या सूर्याकडे टक लावून बघू नये. दुर्बिणीतून किंवा मोठ्या कॅमेऱ्याच्या आरपार भिंगांतून तर कधीच नाही. भिंगाने कागद जळतो हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. डोळ्याच्या आतल्या पडद्याला वेदना कळत नाही. तो भाजला तरी दुखत नाही, आणि नजर अधू झाल्याचे मागाहून कळते. फोनच्या पडद्यावर दिसते ते चित्र असते, त्याने अपाय होत नाही. पण फोनच्या कडेवरून नजर सूर्याकडे जाते, ती जाऊ देऊ नये.

आता ती घरची गोष्ट.

२००८ साली मुलाने मला छोटा डिजिटल कॅमेरा आणून दिला. रोलाचा खर्च संपला. मी घरात, दारात, गोठ्यात फोटो काढत सुटलो. आमच्या स्वयंपाकघराला कौले होती आणि त्यातले एक काचेचे होते. सकाळी नवाच्या सुमाराला त्यातून ऊन चुलीजवळ पडे. सौ. भाकरी थापत असे. घरात गॅस होता, पण भाकरी चुलीवरचीच पाहिजे, हा हट्ट माझा. तिरीप तिच्या डोक्यावरून परातीपर्यंत येई. मी तीन सकाळी प्रयत्न केला. तिरीप हवी तशी उठेना. चौथ्या दिवशी मी म्हणालो, "जरा ओल्या शेण्या घाल. धूर झाला पाहिजे."

"अहो, डोळे जातील माझे," ती म्हणाली. पण तिने घातल्या.

कॅमेरा डब्यावर टेकवून मी फोटो घेतला. तो खरोखर चांगला आला. काळ्या भिंती, मधे दुधासारखी तिरीप, तीत भाकरीचे पीठ लागलेले दोन हात. मी तो मोठा करून चौकटीत बसवला. शाळेच्या स्नेहसंमेलनात तो लावला. लोकांनी वाखाणला.

पुढल्या वर्षी शाळेत आरोग्य शिबिर झाले. तालुक्याहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. फोटो कार्यालयात टांगलेला होता. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि विचारले, "गुरुजी, या बाई कोण?"

मी ऐटीत सांगितले.

"यांना खोकला आहे का हो?"

होता. दोन-तीन हिवाळे होता. जिन्याच्या चार पायऱ्या चढल्या की तिला दम लागे. आम्ही म्हणत होतो, वयाने लागतो.

त्या म्हणाल्या, "मला यात ऊन दिसत नाही, धूर दिसतो. एवढा धूर रोज पोटात जातोय त्यांच्या." मग त्यांनी मला समजावून सांगितले. धुरातले पुष्कळ कण माणसाच्या केसाच्या तिसाव्या हिश्श्याहूनही बारीक असतात. ते नाकात अडकत नाहीत, घशात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. तिरिपीत जे नाचताना दिसते, त्याहून किती तरी अधिक असे असते की जे वेगळे दिसतच नाही.

टिंडलची पेटी मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवली होती. फळ्यावर चित्र काढून शिकवली होती. आणि माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर झोत रोज दिसत होता. मी त्याचा फोटो काढला, आणि तो नीट यावा म्हणून धूर वाढवायला सांगितले.

सौ.ची तपासणी केली. नळीत फुंकायला लावून दम मोजला. तो तिच्या वयाच्या मानाने बराच कमी भरला. तेव्हापासून आमच्या घरातली चूल अंगणात गेली, तीही आंघोळीच्या पाण्यापुरती. भाकरी गॅसवर होऊ लागली. मला ती पहिले पंधरा दिवस गोड लागली नाही. मी ते बोललो नाही. स्वयंपाकघराच्या भिंती पांढऱ्या केल्या. खोकला पुरता गेला नाही, पण हिवाळ्यात आता ती रात्रभर झोपते. चौकटीतला फोटो मी उतरवून ट्रंकेत ठेवला. फाडवत नाही.

गेल्या मे महिन्यात नातू आला होता. त्याला तो फोटो सापडला. "आजोबा, असा मला काढून दाखवा," म्हणून मागे लागला. दुसऱ्या दिवशी नवाला आम्ही दोघे फोन घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसलो. काचेचे कौल तसेच आहे. ऊन आले. फरशीवर लख्ख कवडसा पडला. पण वर काही नाही. नातवाने भिंग पुसले, बोट टेकवले, चिन्ह खाली ओढले. सगळे मी शिकवले तसे केले. कौलापासून फरशीपर्यंत मोकळी हवा.

"बिघडलाय का फोन?" त्याने विचारले.

मी म्हणालो, "नाही. फोन चांगला आहे."

मग त्याला वर्गातल्या डस्टरची गोष्ट सांगितली. ती ऐकून तो कोपऱ्यातले पोते उचलून झाडायला लागला. तिरीप लगेच उभी राहिली. त्याने एक फोटो घेतलाही. तेवढ्यात सौ. आतून ओरडली, "काय झाडताय ते बाहेर नेऊन झाडा!" आणि आम्ही दोघे पोते घेऊन अंगणात गेलो.